आग, मरण, स्पर्श, दारू: लेकरांशी हे बोलायचं कसं?

मे २०२५ मध्ये सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जण गेले, त्यांत एक लहानगंही होतं. धुराचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. चार महिन्यांनी सीना नदीला पूर आला, काठची गावं पाण्यात गेली आणि पुन्हा तेच. पाण्यात उभी घरं, रडणारी माणसं, सगळं लेकरांच्या डोळ्यांसमोर. ‘ते बाळ भाजलं का?’ ‘आपल्याकडं पण पाणी येणार का?’ असं पोरगं विचारतं तेव्हा आपण मोबाइल पालथा ठेवतो आणि म्हणतो, ‘तुला काय करायचंय? जा, खेळ जा.’

त्या ‘जा, खेळ जा’च्या जागी काय म्हणता येईल, ते इथं पाहू. आग आणि पूर तसे सोपे विषय, कारण ते बातमीत असतात. घरातलं मरण, नको तिथं झालेला स्पर्श, बापाची दारू, फिरत नसलेल्या यंत्रमागांमुळं थकलेलं कर्ज, हे कुठल्याच बातमीत येत नाही आणि बोलायला जास्त अवघड जातं.

आपल्याला सांगता येतं

‘लहान मुलांना असलं कसं सांगायचं, आम्हाला जमत नाही,’ असं पालक म्हणतात. हे खरं नाही, निदान सोलापुरात तरी नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना पोरगं विचारतं, ‘हे कोण?’ आपण गाडी हळू करून सांगतो: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला, या चौघांवर खटला चालवला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. ‘फाशी म्हणजे काय?’ हा पुढचा प्रश्न येतोच. दुसरीतल्या लेकराला कळेल एवढंच आपण सांगतो. का दिलं, कोणी दिलं, ते बरोबर होतं का, हेही सांगतो. आवाज चाचरत नाही.

फाशी हा काही सौम्य विषय नव्हे. तरी तो जमतो. त्याच लेकरानं ‘आत्या घर सोडून का आली?’ विचारलं की मात्र जीभ टाळ्याला चिकटते. विषय किती भयंकर आहे किंवा मूल किती लहान आहे यावर आपलं गप्प बसणं ठरत नाही. आपल्याला स्वतःला त्या विषयाची किती लाज वाटते, किती भीती वाटते, यावर ठरतं. म्हणून या कामातला मोठा भाग मुलाला तयार करण्याचा नाहीच. तयार व्हायचंय ते आपण.

न सांगितलं तर पोकळी राहत नाही

मोठ्यांना वाटतं, सांगितलं नाही म्हणजे मुलाला माहीत नाही. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपतं? हळू आवाजातलं बोलणं, अचानक बंद होणारा फोन, आईचे सुजलेले डोळे, सगळं मूल टिपतं. कारण तेवढं त्याला कळत नाही. मग कारण ते स्वतः तयार करतं.

मूल कसा विचार करतं याचा अभ्यास करणाऱ्यांत ज्याँ पियाजे यांचं नाव मोठं. लहान मूल जगाकडं स्वतःला मध्ये धरून बघतं, हे त्यांनी दाखवलं. आपल्या मनात आलं किंवा आपण बोललो म्हणून बाहेर काहीतरी घडलं, असा समज त्या वयात सहज होतो. मानसशास्त्रात याला ‘जादुई विचार’ म्हणतात. समजा, भांडताना पोरगी धाकट्या भावाला ‘मर तू’ म्हणाली आणि चार दिवसांनी भाऊ तापानं फणफणून सिव्हिलला दाखल झाला. तिच्या हिशोबात हे तिनंच केलं. ती कुणाला सांगणार नाही. घरातले म्हणतील, ‘किती समजूतदार आहे, अजिबात त्रास देत नाही.’

म्हणून आजार, मृत्यू, घटस्फोट, भांडण, काहीही असो, एक वाक्य न विचारता बोलायचं: ‘हे तुझ्यामुळं झालेलं नाही.’ मोठ्यांना ते अनावश्यक वाटतं. तरी बोलायचं.

किती सांगायचं?

ताप आल्यावर मुलांचे डॉक्टर आधी वजन करतात आणि मग सिरप किती मिली द्यायचं ते लिहितात. औषध तेच असतं, मात्रा बदलते. इथंही तसंच. चार वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या मुलाला सांगायचं खरं एकच, तपशील कमीजास्त. चार वर्षांच्या मुलाला खोटं आणि चौदाच्याला खरं, अशी वाटणी मात्र करू नये. धाकट्याला सांगितलेलं खोटं थोरला एक दिवस रागात उघडं करतोच.

मात्रा ठरवायची एक साधी रीत आहे. उत्तर द्यायच्या आधी विचारायचं, ‘तू काय ऐकलंस?’ किंवा ‘तुला काय वाटतं?’ आगीबद्दल विचारणाऱ्या मुलाला कधी आगीची भीती नसते. पप्पा रात्रपाळीला जातात त्या कारखान्यात आग लागेल का, एवढंच त्याला हवं असतं. तिथं आपण शॉर्टसर्किटवर व्याख्यान दिलं तर ते वाया जातं. काय ऐकलंय ते कळलं की चुकीचं असेल ते दुरुस्त करायचं, दोन-तीन वाक्यांत खरं सांगायचं आणि थांबायचं. मुलाला आणखी हवं असेल तर ते विचारतं. नको असेल तर ते मध्येच ‘मला पारले बिस्कीट दे’ म्हणतं. ते देऊन टाकायचं. बोलणं फुकट गेलेलं नसतं, तेवढ्यापुरतं संपलेलं असतं.

बातम्यांच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट. टीव्हीवर किंवा मोबाइलवर एकच दृश्य वीसदा दाखवतात. अगदी लहान मुलाला ते वीस वेगळ्या आगी वाटू शकतात. ‘ही तीच आग आहे, आता विझली’ हे सांगावं लागतं. आणि स्क्रीन बंद करावी लागते, आपलीसुद्धा.

मरण: इथं जरा थांबू

मृत्यू कळणं म्हणजे एकदम एक गोष्ट कळणं नव्हे. गेलेलं माणूस परत येत नाही, हा एक भाग. त्याचं शरीर काहीच करत नाही, म्हणजे त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, हा दुसरा. आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, हा तिसरा. १९८४ साली स्पीस आणि ब्रेंट या दोन संशोधकांनी तोवर झालेले अनेक अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक मुलांना हे तिन्ही भाग पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात, असं त्यांना आढळलं. म्हणून चार वर्षांचं पोर ‘आज्जा वारला’ ऐकून मान डोलावतं आणि संध्याकाळी विचारतं, ‘तो जेवायला कधी येणार?’ पहिला भागच अजून पक्का नसतो. त्याला रागावण्यासारखं यात काही नाही. तेच उत्तर पुन्हा द्यायचं, पंधरा वेळा द्यावं लागलं तरी.

आपल्याकडं ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’, ‘लांब गावाला गेले’ म्हणायची पद्धत आहे. हेतू चांगला असतो, पण लहान मूल शब्दाला धरून चालतं. आज्जा झोपला आणि त्याला उचलून नेलं, हे ऐकलेलं पोर त्या रात्री डोळे मिटायला तयार होत नाही. गावाला गेला असेल तर ‘मला न सांगता का गेला?’ म्हणून रुसतं. त्यापेक्षा सरळ सांगावं: ‘आज्जा मेला. म्हणजे त्याचं शरीर काम करायचं थांबलं. तो आता श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही. तो परत येणार नाही. आम्हाला पण लई वाईट वाटतंय.’ घरात श्रद्धा असेल तर देवाचं यानंतर खुशाल सांगावं. फक्त ते खरं सांगण्याच्या जागी नको, त्याच्या जोडीला हवं.

सोलापूरच्या एकाच गल्लीत मुलाला तीन तऱ्हा दिसतात. कुणाला जाळतात, लिंगायत घरात देहाला बसवून पुरतात, मुसलमान शेजाऱ्यांकडं दफन होतं. साहजिकच प्रश्न येतो, ‘जाळताना त्याला चटका बसला नाही का?’ किंवा ‘मातीत त्याला गुदमरणार नाही का?’ हा प्रश्न ऐकून मोठी माणसं शहारतात आणि मुलाला गप्प करतात. पण तो अगदी नेमका प्रश्न आहे, वरच्या दुसऱ्या भागाचा. उत्तर एका ओळीचं: शरीर थांबल्यावर त्याला काहीच जाणवत नाही, ना चटका, ना अंधार. लोक आपापल्या रीतीनं त्याला निरोप देतात.

अंत्यविधीला न्यावं का? याबद्दल घरोघरी वाद होतो आणि बहुधा मुलाला शेजारी पाठवून तो मिटवला जातो. माझं मत असं की पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला विचारावं. आधी तिथं काय दिसेल ते सांगावं: माणसं मोठ्यानं रडतील, आज्जाच्या नाकात कापूस असेल, तो हलणार नाही. येतो म्हणालं तर त्याच्याजवळ एक ओळखीचं माणूस फक्त त्याच्यासाठी असावं, जे कंटाळा आला की त्याला बाहेर नेईल. नको म्हणालं तर जबरदस्ती नाही, आणि नंतर टोमणेही नाहीत.

तेराव्याला पाहुण्यांच्या गर्दीत लपाछपी खेळणाऱ्या पोरांना ‘काही वाटतं का नाही?’ म्हणून झापतात. त्यांना वाटतं. मूल दुःखात थोडा वेळ जातं, बाहेर येऊन खेळतं, पुन्हा जातं. सलग दुःख करणं त्याला झेपत नाही.

घरात कुणी आत्महत्या केली असेल तर ‘अपघात झाला’ म्हणायचा मोह फार होतो. गल्लीतली पोरं दुसऱ्याच दिवशी खरं सांगतात आणि मग घरच्यांच्या कुठल्याच शब्दावर मुलाचा विश्वास राहत नाही. कसं केलं याचा तपशील देऊ नये. एवढं सांगावं: ‘त्याला आत फार त्रास होत होता, आणि त्या त्रासात त्यानं स्वतःचा जीव घेतला. तू काही बोललास किंवा केलंस म्हणून नाही.’

स्पर्श, आणि त्याहून जास्त गुपित

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून तो केला होता. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्त होते. हा दुसरा भाग मुलग्यांच्या आईबापांनी पुन्हा वाचावा. त्यात भर म्हणजे, पोलिसांत पॉक्सोखाली (मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली) नोंदलेल्या बलात्काराच्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर, रिक्षावाले काका. तरी आपण मुलाला सांगतो काय? ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको.’

‘गुड टच, बॅड टच’ हल्ली बऱ्याच शाळांत शिकवतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण त्यात एक अडचण आहे. छळ करणारा माणूस सुरुवातीला वाईट वाटेल असं काही करत नाही. गुदगुल्या करतो, मांडीवर बसवतो, गेम खेळायला मोबाइल देतो, घरच्यांचाही लाडका होतो. असा विश्वास हळूहळू कमावण्याला ग्रूमिंग म्हणतात. मुलाला तो स्पर्श ‘बॅड’ वाटतच नाही, किंवा लाडका काका ‘बॅड’ कसा असेल या कोड्यात ते अडकतं. म्हणून स्पर्श कसा वाटला यापेक्षा सोपा नियम द्यावा: चड्डीच्या आतल्या भागाला कुणी हात लावायचा नाही, त्यानं स्वतःचा दाखवायचा नाही, फोटो काढायचा नाही. आंघोळ घालताना आई आणि आपल्यासमोर तपासताना डॉक्टर, एवढेच अपवाद. आणि यातलं कुठलंही गुपित, गुपित राहत नाही. वाढदिवसाचा केक लपवला तर तो संध्याकाळी सगळ्यांना कळणार असतो. ‘कुणाला कधीच सांगू नको’ म्हटलं की लगेच सांगायचं.

अवयवांना सरळ नावं हवीत. शाळेच्या पुस्तकातले शिश्न, योनी हे शब्द जड वाटले तर घरातला साधा शब्द चालेल, पण तो बाईंना आणि डॉक्टरांना कळणारा असावा. ‘काकानं माझ्या फुलाला हात लावला’ असं पोर वर्गात म्हणालं तर बाई कुंडीकडं बघतील.

ज्या घरांत आई विड्या वळते आणि माल द्यायला कारखान्यात जाते, किंवा आईबाप दोघं पाळीवर असतात, तिथं लेकरू शेजारी असणारच. चोवीस तास नजर ठेवा असं सांगणारे लोक बहुधा नोकरचाकर असलेल्या घरांतले असतात. अशा मुलाला चार-पाच मोठ्या माणसांची नावं पाठ असावीत, ज्यांना ते काहीही सांगू शकेल: मावशी, आज्जी, एक बाई, मैत्रिणीची आई. एकीनं ऐकलं नाही तर दुसरीकडं जायचं, हेही सांगून ठेवायचं. आणि पाहुण्यांना ‘पापी दे’ म्हणून ढकलणं आजपासून बंद. नमस्कार पुरतो.

मूल बोललंच तर

चेहरा शांत ठेवायचा, हे लिहायला सोपं आहे. तरी तोच पहिला उपाय, कारण आपण किंचाळलो की मूल बोललेलं मागे घेतं. ‘सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी चूक नाही.’ एवढं बोलून ऐकायचं. खोदून खोदून, वेगवेगळ्या नातेवाइकांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही.

पाळता का येणार नाही? २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या कुणाचाही लैंगिक छळ झाल्याचं ज्याला कळतं त्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शाळा किंवा संस्था चालवणाऱ्यानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. पोलीस ठाण्याची धास्ती असलेल्यांसाठी त्याच कायद्यातल्या दोन गोष्टी: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेश न घालता. मुलाची ओळख माध्यमांना छापता येत नाही. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास, फुकट चालते. मूल स्वतःही तिथं फोन करू शकतं. हा नंबर त्याला पाठ असावा.

दारू आणि पैसा

‘पप्पांना बरं नाही’ हे दारूबद्दल घरोघरी सांगितलं जातं. गंमत म्हणजे ते अर्धं खरं आहे. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे सांगून पुढचं जोडावं: तू पाणी ओतलंस, बाटली लपवलीस किंवा पहिला नंबर आणलास म्हणून तो बरा होणार नाही, ते मोठ्यांचं काम. पप्पा मारायला लागले तर कुणाच्या घरी जायचं, तेही ठरवून द्यावं. पैशाचं आणखी सोपं. ‘यंदा काम कमी आहे, म्हणून ट्रिपला पाठवता येणार नाही, जेवणाची आणि शाळेची सोय आहे.’ दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा, कारण कर्जाबद्दल कानावर पडलेलं मूल थेट घर जाईल इथपर्यंत पोचलेलं असतं.

‘नको ते डोक्यात भरवताय’

हा आक्षेप नेहमीचा, आणि तो घेणारी माणसं वाईट नसतात. त्यांना मुलाचं बालपण जपायचं असतं. पण शरीराबद्दल शिकवल्यानं मुलं लवकर ‘त्या’ मार्गाला लागतात का, हे जगभर तपासून झालं आहे. युनेस्कोनं २०१८ साली त्याचा आढावा घेतला. लैंगिक शिक्षणामुळं लैंगिक संबंध लवकर सुरू होत नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष आहे. आणि डोक्यात भरवायला मोबाइल आधीच बसलेला आहे. आपण उशिरा पोचतोय, एवढाच प्रश्न आहे. पाळीचंच बघा. मुलींचं शरीर आठव्या वर्षापासून बदलायला लागू शकतं, आणि आपण पहिल्या डागाची वाट बघतो, मग ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवतो.

‘आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही नाही का वाढलो?’ वाढलो. आपल्यातल्या किती जणांनी काय काय गिळून ठेवलंय ते लग्नाच्या मांडवात कुणी विचारत नाही, म्हणून बाहेर येत नाही.

‘हे शाळेनं करावं.’ शाळेनं करावंच. पण शाळा साठ मुलांना एकदम सांगते. आज्जा तुमच्या एकट्याचा गेलेला असतो.

‘सांगताना मलाच रडू आलं तर?’ येऊ द्यावं. ‘मला रडू येतंय कारण मला त्याची आठवण येते, थोड्या वेळानं थांबेल,’ असं म्हणावं. उत्तर माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणावं आणि खरोखर विचारून सांगावं.

मूल काही विचारतच नाही, तर?

समोर बसवून ‘आज आपल्याला बोलायचंय’ म्हटलं की पोरं बंद होतात. दहा-बारा वर्षांपुढची तर नक्कीच. शेंगा फोडताना, भाजी निवडताना, गाडीवर मागं बसलेलं असताना बरं जमतं, कारण डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत. सात रस्त्याच्या सिग्नलवर सुरू झालेलं बोलणं शाळेच्या फाटकाशी आपोआप संपतं, आणि तेवढंच पुरतं. चार दिवसांनी पुन्हा.

गप्प मूल अंगातून बोलतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, शाळेच्या वेळीच पोट दुखतं, एका विशिष्ट घरी जायचं म्हटलं की रडारड होते, खेळ सुटतो. हे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, किंवा मूल ‘मी मरून जावं’ असं एकदा जरी म्हणालं, तर थांबू नये. सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. तिथवर जायची तयारी नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फुकट नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू. तिथं मराठीखेरीज कन्नड आणि तेलुगूतही बोलता येतं. ज्या घरात आज्जी फक्त तेलुगू बोलते आणि लेकरू तिच्याजवळच असतं, तिथं फोन आज्जीनं लावला तरी चालतो.